वहिनींचा वेगळा फॉर्म

तुमी मला फौजी म्हणून मान देता, पण खरी धमक आमच्या मंडळींत हाय, गड्या. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट असंल. मी नुकताच रिटायर झालो हुतो. शिराळ्यातनं आमी दोघं नवरा-बायको सांगलीला टॅक्सच्या वकिलाकडं गेलो.

वकील म्हणाले, "सुभेदार, वहिनींचं शिवणकाम किरकोळ. तुमच्याच फॉर्मात दाखवू, एका सहीत काम."

ही म्हणाली, "आवं, मशीनवर पाठ माझी मोडती, मग सही ह्यांची कशी?"

"वहिनी, वेगळा भरला तर तुमचा कर शून्य येतोय. कशाला खटाटोप?"

"शून्य का असंना, माझ्या नावावर येऊ द्या."

वकिलांनी दुसरा फॉर्म काढला. त्याची शिक्का मारलेली पोच आमच्या भिंतीवर फ्रेममध्ये हाय. माझं मेडल अजून ट्रंकेतच हाय.