बोर्डापुढं न आलेली शिंक

आपलं गाव खारेपाटणच्या वरच्या अंगाला, ते तुला काय सांगायचं बाय, तू माझी पाठची बहीण, त्याच घरात वाढलीस, पण लिहायलाच बसली आहेस तर पहिल्यापासून लिही. लहानपणी मला सर्दी म्हणून कधी झाली नाही. पावसात ढोरं राखली, नदीत पोहलो, भिजल्या कपड्यांत जेवायला बसलो, नाक आपलं कोरडं. हे आधी लिही, कारण पेन्शनच्या बोर्डानं मला हेच विचारलं होतं आणि तिथं माझ्या बाजूनं सांगायला कुणी नव्हतं.

मग लढाई लागली आणि मी भरती झालो. वाटलं होतं बंदूक मिळेल, मिळाली खेचरं. इराकात नेलं आम्हाला. खेचरांना खरारा करायचा, सुक्या गवताच्या गंज्या फोडायच्या, दिवसभर तेच, तंबूत गवत, अंथरुणात गवत, आणि वरून वाळू. पहिल्याच उन्हाळ्यात नाक सुरू झालं. एकदा शिंका लागल्या की थांबायच्या नाहीत, डोळ्यांतून पाणी, टाळूला खाज, छातीत श्वास कोंडायचा. पलटणीचा डॉक्टर म्हणाला, जवान, तुला इथली हवा मानवत नाही, घरी गेलास की जाईल. मी घरी आलो, ते माझ्याबरोबर आलं.

आणि नोकरी कुठं लागली, तर लालबागला गिरणीत, कापूस पिंजायच्या खात्यात. काय सांगू तुला, गवत सुटलं आणि कापूस आला. आडवं पडलं की नाक बंद, म्हणून मी भिंतीला टेकून बसून झोपतो, तोंड उघडं टाकून. वास तर गेलाच. आये बांगडा तळते आणि विचारते कसा झालाय, मी म्हणतो बरा झालाय. चव कुठं लागते मला.

त्यात आपल्या लोकांचं शिंकेचं प्रस्थ. कुणी कामाला बाहेर पडला आणि मी शिंकलो की तो परत आत येऊन बसणार, पाणी पिणार आणि माझ्याकडं बघणार. चाळीतल्या पोरांची परीक्षा असली की त्यांच्या आया आधी बघून घ्यायच्या मी गॅलरीत आहे का. तुझ्या लग्नात कानपिळीचा मान माझा, सख्ख्या भावाचा, पण मंगलाष्टकं चालू असताना शिंकेल म्हणून मला शेजारच्या खोलीत बसवलं आणि नवऱ्याचा कान पिळला चुलत्याच्या पोरानं. तू तेव्हा काही बोलली नाहीस, तू कधीच बोलत नाहीस. राग नाही माझा. पण लिही ते.

पेन्शनचं मला सांगितलं कांबळे हवालदारांनी. डिलाईल रोडला राहायचे, लढाईवरून येताना एकाच बोटीत होतो तेव्हापासूनची ओळख. म्हणाले, बाबू, नोकरीत असताना जो आजार लागला त्याची पेन्शन मिळते, लंगडा झालास तरच मिळते असं नाही. मी म्हटलं, नाकाची कोण देणार. ते म्हणाले, नाक काय घरून बिघडलेलं नेलं होतंस, सरकारकडंच बिघडलं ना. त्यांनीच अर्ज लिहिला. माझं मागणं मोठं नव्हतं. तेवढ्या पैशावर त्या खात्यातून बाहेर पडता आलं असतं, कुठं दरवानाची नोकरी बघितली असती, मोकळ्या हवेत.

बोर्डानं बोलावलं. आता ऐक, काय झालं ते. आयेला वाटलं, एवढ्या मोठ्या कामाला निघताना उंबऱ्यात शिंक नको. पहाटे उठून तिनं वेखंड उगाळलं, नाकावर, कपाळावर लेप दिला, तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून मला हुंगायला लावली, परत गरम केली, परत हुंगायला लावली. वर पुरचुंडी माझ्या खिशात घातली आणि म्हणाली, हुंगत जा. गेलो हुंगत. बोर्डाची कचेरी कोटात, म्हणजे फोर्टला, तिकडं समुद्राचं वारं, ना धूळ ना कापूस. डॉक्टरनं बॅटरी लावून दोन्ही नाकपुड्या बघितल्या आणि म्हणाला, नाक साफ आहे. मी म्हटलं, साहेब, मी रोज शिंकतो. तो म्हणाला, मग शिंक. आता हुकमावर शिंक येते का सांग. मी नुसता तोंड वर करून उभा, आणि बाजूचा कारकून हसतोय.

हवालदारांना सांगितलं तर ते डोक्याला हात लावून बसले. म्हणाले, अरे शहाण्या, आजार दाखवायला गेलास तो घरीच बरा करून गेलास. मी म्हटलं, आयेला कसं नाही म्हणू. ते म्हणाले, आम्ही दीक्षा घेतली तेव्हा हे शकुन-अपशकुन घराबाहेर काढले, तू निदान एक दिवसासाठी काढ. फेरअर्ज एकदाच करता येत होता, तो त्यांनी घातला.

दुसऱ्या वेळी मी लेप लावू दिला नाही. चार दिवस नाक नुसतं वाहत होतं, मी खूश. उंबऱ्यात आलो आणि शिंकलो. आये म्हणाली, बस, पाणी पी, मग जा. बसलो. उठलो, परत शिंकलो. परत बसलो. खाली जिन्यात हवालदार ओरडतायत, बाबू, उतरतोस की बोर्डालाच वर बोलावू. उतरलो तोवर पहिली ट्राम गेली, दुसरी भायखळ्याला अडकली. ते संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे दिवस. कोटात पोचलो तर समोरून लोक पळत येतायत, पोलिसांनी अश्रुधूर सोडलेला. वेळेवर निघालो असतो तर त्याच्या आधी पोचलो असतो.

बोर्डात गेलो, शिंकतोय, डोळे लाल, नाकाला धार, जसा पाहिजे तसा. आणि बघतो तर शिपाई शिंकतोय, कारकून शिंकतोय, डॉक्टर स्वतः नाकाला रुमाल लावून बसलेला. मी म्हटलं, साहेब, हे माझं नेहमीचं आहे, धुराचं नाही. तो म्हणाला, आज अख्खी मुंबई शिंकतेय, सगळ्यांना पेन्शन देऊ का, मला पण देशील का. मी इराकचं सांगितलं, खेचरांचं सांगितलं. तो म्हणाला, गिरणीत कुठल्या खात्यात आहेस. कापूस म्हटल्यावर त्यानं मान हलवली आणि झालं. गिरणीचा डॉक्टर म्हणतो लढाईचं आहे, लढाईचा डॉक्टर म्हणतो गिरणीचं आहे, आणि नाक माझ्या तोंडावर.

हवालदार मागच्या थंडीत गेले. आता मुंबई आपल्याला मिळाली, चाळीत पेढे वाटले, मीही खाल्ला, गोड असणार. मी अजून त्याच खात्यात. आयेला वाटतं, दुसऱ्या वेळी उंबऱ्यात शिंकलो म्हणून काम फिसकटलं. मग पहिल्या वेळी का फिसकटलं, असं तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तूही हे तिला वाचून दाखवू नको. तिनं पहाटे उठून उगाळलं होतं.

परवा शेजारच्यांना सांगत होतो की हा आजार मला लढाईतच लागला, आणि बोलता बोलता शिंक आली. आये आतून म्हणाली, सत्य आहे. बोलताना शिंक आली की बोललेलं खरं असतं, असं ती मानते. तिला कुणी बोर्डावर बसवत नाही, बाय.