टोपड्याखालचं डोकं

(कोल्हापुरातला त्वचारोगाचा दवाखाना. तपासणीच्या खोलीत डॉ. दीपा मगदूम, निशिगंधा, तिची सासू बाळाबाई (निशिगंधा त्यांना आत्या म्हणते) आणि निशिगंधाच्या मांडीवर तिचा तीन वर्षांचा आदर्श.)

बाळाबाई : कात्री न्हाय लावायची. तेवढं सोडून काय बी करा, बाई.

डॉ. दीपा : आजी, केस बाजूला केल्याशिवाय खालचं दिसणार कसं? सगळं चिकटून गोळा झालंय.

निशिगंधा : गाठ आहे ना ती? खरं सांगा मॅडम. मानेला पण दोन आल्यात. मी मोबाईलवर सगळं वाचलंय.

डॉ. दीपा : काय सांगितलं मोबाईलनं?

निशिगंधा : कॅन्सर.

बाळाबाई : अगं ए! पोराच्या तोंडावर काय बोलतीस!

डॉ. दीपा : कॅन्सर नाही. अजिबात नाही. आधी रडणं थांबवा, तो तुमच्याकडंच बघतोय.

निशिगंधा : मग पू कशानं येतोय? ताप का उतरत नाही? काल टोपडं काढलं, तर त्याला चिकटून केस आले मॅडम, मुळासकट. मी ओरडलेच. हा रडला पण नाही.

डॉ. दीपा : म्हणजे तुम्ही काल पहिल्यांदा बघितलंत?

निशिगंधा : सकाळी मी शिरोलीला कंपनीत जाते. अंघोळ, खाणंपिणं सगळं आत्या बघतात. टोपडं काढायला गेलं की म्हणायच्या, वारं लागंल, राहू दे.

बाळाबाई : दडवलं मी. व्हय, दडवलं! आधी बारकं हुतं, रुपयाएवढं. खवडं झालंय म्हणून करंजाचं तेल लावलं. पर ते वाढतच गेलं. मग मला भ्या वाटाय लागलं.

डॉ. दीपा : कशाचं?

बाळाबाई : देवाचं, आणि कशाचं! जोतिबाला बोललीया मी, पयलं जावळ डोंगरावरच काढीन म्हणून. मामाच्या मांडीवर बसवून, न्हायतर मामाला बाधतंय. आणि ह्याचा मामा मिल्ट्रीत. राजवीरला रजाच मिळंना. औंदा न्हाय तर पुढल्या साली, असं करत ऱ्हायलं. देवानं बरोबर डोक्यावरच दावलं बघा. आता वरनं हितं कात्री लावली आणि पोराचं काय झालं, तर भरून देणार हाय का कोण?

डॉ. दीपा : घरात जनावरं आहेत?

बाळाबाई : जनावरांचा काय संबंध?

डॉ. दीपा : सांगा तर.

बाळाबाई : दोन म्हशी हाईत. एक गाय. तिची कालवड.

डॉ. दीपा : कालवडीच्या अंगावर पांढरे चट्टे आलेत? डोळ्याभोवती, राख फासल्यासारखे?

बाळाबाई : हाईत की. वासरांना येत्यातच ते. आपसूक जात्यात.

डॉ. दीपा : आणि आदर्श तिच्याजवळ जातो?

निशिगंधा : जातो? गळ्यात पडून असतो तिच्या! आत्या धार काढायला बसल्या की ह्याचं डोकं कालवडीच्या पोटावर.

बाळाबाई : मीच टेकवते. न्हायतर म्हशीच्या पायात जातंय.

डॉ. दीपा : ते गजकर्ण आहे, आजी. जनावरांचं माणसांना लागतं. लहान मुलांच्या डोक्यात गेलं की केसांच्या मुळात शिरतं, आणि मग असा पुवाचा गोळा फुगतो. मानेतल्या गाठीही त्यानंच आल्यात. तेल लावून ते जात नाही, पोटातून औषध द्यावं लागतं. काही आठवडे, एक दिवस न चुकवता.

निशिगंधा : केस येतील परत?

डॉ. दीपा : आज सुरू केलं तर बहुतेक येतील. अंगावर काढलंत तर मुळं जळतात, मग तिथं कायमचं टक्कल. गोळ्यावरचे तेवढेच केस कापायचेत. थोडे तपासायला पाठवीन. बाकीचं जावळ राहू द्या मामासाठी.

बाळाबाई : उष्टं जावळ देवाला?

निशिगंधा : कापा, मॅडम.

बाळाबाई : निशिगंधा!

निशिगंधा : मला भीती वाटत नाही असं वाटतंय तुम्हाला? माझा भाऊ आहे तिकडं, बॉर्डरवर. उद्या त्याला काही झालं तर तुम्ही म्हणाल, आणि तुमच्या आधी मीच म्हणीन, की हिनं कात्री लावायला लावली. पण हा बसून झोपतोय, आत्या. उशीला डोकं लागलं की दचकून उठतोय. कसं बघू मी?

बाळाबाई : बाई, कोप न्हवं म्हणताय?

डॉ. दीपा : नाही.

बाळाबाई : मग माझ्या हातानं झालं.

डॉ. दीपा : तुम्हाला कुठं माहीत होतं? बघू, हात दाखवा. पदर सारा जरा. हे गोल कधीपासून आहे?

बाळाबाई : हे व्हय? खाजतंय नुसतं. म्हणलं, गवत कापताना लागलं आसंल.

डॉ. दीपा : तेच आहे. तुम्हालाही औषध देते. कालवडीला जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. टोपडी, उशांचे अभ्रे उकळत्या पाण्यात धुवा. फणी वेगळी ठेवा. आणि त्याचं डोकं झाकू नका आता.

निशिगंधा : आत्या... काय करायचं?

बाळाबाई : करायचं काय. कापा, बाई. नवस मी बोललेली. कोप व्हायचाच आसंल तर माझ्यावर हू दे, पोरावर न्हाय आणि राजवीरवर बी न्हाय. डोंगरावर जाऊन मीच सांगीन देवाला. पर दमानं कापा. लई दुखतंय त्याला.

डॉ. दीपा : दमानंच कापते. कुणीतरी मान घट्ट धरायला हवी.

बाळाबाई : मी धरते. आण हिकडं. आईपाशी वळवळ करतंय ते, माझ्या हातात हलत न्हाय.

डॉ. दीपा : धरा. पण आधी हे हातमोजे घाला.

बाळाबाई : नातवाला धराय?

निशिगंधा : द्या हात, आत्या. मी घालते.