वजनकाट्याला टिळा

कोन गावच्या शेअर रिक्षाच्या रांगेत सुमतीबाईंच्या पुढे गोदामातली दोघं खिदळत उभी होती.

"भावेश, माझा प्रोग्रॅम बरोबरच होता रे! वजनकाट्यावर चाळीस किलो, आणि कॉम्प्युटरवर नुसते चौकोन न् प्रश्नचिन्हं!"

"शेठ आज तुला काढणारच होता, जागृती."

"काटा आकडे पाठवत होता सावकाश, प्रोग्रॅम वाचत होता धडाधड. मग कचराच येणार ना? दसऱ्यापर्यंत दोघांचा स्पीड एकच होता."

"मग काट्याचा बदलला कोणी?"

"पूजेत त्याला टिळा कोणी लावला? बरोबर सेटिंगच्या बटणावर?"

"मीच. पण मनापासून लावला गं!"

"म्हणून तर बटण एवढा वेळ दाबून धरलंस!"

"हळू बोल, रांग ऐकतेय."

सुमतीबाईंना राहवेना. "आणि नारळ रे? तो कशावर फोडलात?"