उंदीर, मोदक आणि बाद झालेला गेम

...नाही, बसा हवं तर, पण चहा करणार नाहीये मी, आधीच सांगते. सोसायटीच्या गणपतीत अख्ख्या मंडपासमोर माझ्या मुलाचा गेम बाद केलात, आणि आज पेनड्राइव्ह परत द्यायला आलात – ठेवा तिथे, टीव्हीजवळ. क्षिप्रा मॅडम, तुम्ही ठाण्याला मोठ्या कंपनीत असाल, बी विंगमधले सगळे तुम्हाला विचारून लॅपटॉप घेत असतील, पण मुलांच्या कोडिंग स्पर्धेला तुम्हाला परीक्षक नेमलं कोणी? सेक्रेटरीने ना? वाटलंच.

थांबा, बोलू द्या मला. ‘शौनकचा गेम स्पर्धेत धरता येणार नाही’ – एवढंच म्हणालात माइकवर. कारण? कारण मला कळतं हो. आयतं कोड उचललं म्हणून ना? मान काय हलवताय! अहो, ते छोटे छोटे तुकडे इंटरनेटवर उचलण्यासाठीच ठेवलेले असतात – चेंडू वरून कसा पाडायचा, स्कोअर कोपऱ्यात कसा दाखवायचा, दहा-पंधरा ओळी, घ्या आणि वापरा. तुम्ही ऑफिसात काय सगळं पहिल्या ओळीपासून स्वतः लिहिता? तुमच्या मंगळागौरीला पुरणपोळ्या विकतच्या होत्या, आम्ही काही बोललो? गुपचूप खाल्ल्या.

आणि नुसतं उचललेलं नाहीये ते. तो तुकडा होता चेंडूचा. ह्या गेममध्ये वरून मोदक पडतात आणि उंदीर ते टोपलीत झेलतो. मोदक काय चेंडू आहे? वर निमुळता असतो. त्या कोडमध्ये चित्राभोवती चौकोन धरतात, त्याला टोपली लागली की मोदक झेलला. मग मोदक खाली निसटून गेला तरी शेंड्याशेजारच्या रिकाम्या जागेला टोपली लागायची आणि पॉइंट मिळायचा – फुकटचा! म्हणून चौकोन लहान केला, मोदकाच्या बुडापुरता. हे आहे का कुठल्या साइटवर? दाखवा ना. आणि तो उंदीर – डावीकडे निघाला की शेपटीकडून चालायचा. चित्र उलटं करायचा तुकडा मिळाला, तो घातला तर उंदीर पडद्याबाहेरच पळाला. किती दुपारी गेल्या माझ्या त्यात – त्याच्या. त्याच्या दुपारी. हो, शाळा दुपारची आहे त्याची, माहितीये मला, शनिवारी सुट्टी असते की! तर आधी चित्राची जागा सरकवायची आणि मग ते उलटं करायचं, हे सुचलं तेव्हा मी भांडी घासत होते, तशीच ओल्या हाताने धावले आणि –

बघताय काय अशा?

हो. मी केलाय. झालं समाधान? बी.कॉम. आहे मी, लग्नाआधी कॉम्प्युटरचा कोर्स अर्धा सोडलेला. ह्यांना एकदा म्हटलं, मला हे शिकायचंय, तर हसले. जोरात नाही हसले, त्याचाच राग येतो. ‘आधी शौनकचा अभ्यास घे’ म्हणाले. तर घेतला. तो घेता घेता मी शिकले. आणि गेम द्यायचा कोणाच्या नावाने, मॅडम? मोठ्यांसाठी काय ठेवलंत तुम्ही – बायकांना पाककृती, बायकांना रांगोळी. मंडपात पोरं माझा गेम खेळत होती, धक्काबुक्की चाललेली, आणि मी मागे बसून प्रसादाचे द्रोण लावत होते. इतकं बरं वाटत होतं मला. ते तुम्ही घालवलंत. आयत्या चार तुकड्यांसाठी –

काय? त्यासाठी नाही? मग कशासाठी?

कोणी सांगितलं तुम्हाला? ... शौनकने? शक्य नाही. पक्कं ठरलेलं आमचं. खोदून खोदून विचारलं असेल तुम्ही, सहावीतलं पोर, घाबरलं असेल – स्वतःहून? तो स्वतःहून आला तुमच्याकडे?

काय म्हणाला? नाही, नीट सांगा, त्याचे शब्द सांगा.

‘बक्षीस आईला द्या.’

...

पाणी नको मला. माझ्याच घरात मला पाणी काय विचारता! जा तुम्ही. क्लासवरून येईल तो एवढ्यात, मला तोंड धुवायचंय. जा म्हटलं ना – आणि तो पेनड्राइव्ह तिथे नको, टीव्हीजवळ. इकडे द्या, माझ्या हातात. हं. दार ओढून घ्या.