पाहुण्यांसाठी चीजकेक

जमुना : अरे, पाहुने अकोल्याहून निंघाले, तुह्या मामाचा, देवमनदादाचा फोन येऊन गेला, आन तू अजून बनियनवर त्या फडक्याले पिळून राहिला. बाजूले हो गोपाल. मले पोहे भिजवू दे.

गोपाल : पोहे नोको करू माय. सांगतलं ना तुले. पोहे तं सारेच देतेत.

जमुना : सारेच देतेत म्हनूनच मीही देतो. पोरगी सोताच पोराचं घर पाहाले येऊन राहिली. आपल्या खानदानात असं कधी झालं नाई, थेही मी गिळलं. आता हे काय नवीन काढलं तू? आन त्या पातेल्यात काय फाटलं?

गोपाल : दूध. गरम दुधात संत्र्याचा रस टाकला म्या.

जमुना : सकाळचं सारं दूध होतं थे. आता चहात काय घालू, तुहं डोक्सं?

गोपाल : फेकू नोको. पनीर झालं त्याचं, चक्क्यात मिसळतो. चहाचं दूध आनतो ना मी पार्बताबाईकडून.

जमुना : पन हे होय तरी काय?

गोपाल : चीजकेक म्हनतेत. खाली बिस्किटाचा चुरा, लोन्यात कालवलेला. त्याच्यावर हा चक्का, साखर घालून घोटलेला. वरून संत्र्याच्या फोडी. भाजाचं, आन थंड करून खाचं. सोपं हाय.

जमुना : सकाळपासून पाहून राहिली तुहं सोपं.

गोपाल : क्रीमचीज भेटलं असतं तं कवाचं झालं असतं. काल अमरावतीत किती दुकानं फिरलो. एकानं खारं चीज काढून देल्लं. एक म्हने, क्रीम पाहिजे का चीज पाहिजे, एक काय थे सांग. मंग आचल म्हने, चक्का बांधा, तेवढंच होते.

जमुना : आचल म्हने. अजून पोरीचं तोंड पाहिलं नाई आपुन, आन आचल म्हने.

गोपाल : तिच्या बापानंच नंबर देल्ला, बोलून पाहा म्हने. पुन्याले होस्टेलात होती थे. घरची आठवन आली का रविवारी साऱ्या पोरी मिळून हे करत. खाल्लं का जिवाले बरं वाटते म्हने. आता जठारपेठेत घरी आल्यापासून एकदाही नाई खाल्लं. घरी कोनी करू देत नाई.

जमुना : शहाने लोक हायेत मंग घरचे.

गोपाल : माय, तिनं मले एक गोष्ट विचारली. म्हने, बागेले फुलं येतेत तवा वास घरालोक येते का? लग्नाच्या इतक्या जागा झाल्या, कोनी विचारलं होतं का मले असं? सारे विचारतेत, विहिरीले पानी किती.

अकीला : भाबी, दार धरा जरा. या अल्ला, हात गळून पडले माहे. घे रे बेटा, हा ओव्हन. माह्या पोरीचं, फलकचं लगन झालं तवापासून माळ्यावर पडून होता. पुसून आनला.

जमुना : या अकीलाभाबी. शेजारी म्हनून तुमीच समजवाचं याले, तं तुमीच ओव्हन आनून देऊन राहिल्या.

अकीला : म्या काय केलं? पोरगा म्हने चाची ओव्हन दे, देल्ला. अंडे लागतीन का रे? आनतो घरून.

जमुना : अंडं माह्या सैपाकघरात नाई येनार भाबी.

गोपाल : नाई लागत चाची. कॉर्नफ्लोर घातलं. लाव पिन. लागला पाहा लाल दिवा.

अकीला : लागला, आन गेला.

गोपाल : काहून गेला?

जमुना : लाइन गेली. पंखा पाह्य वर. आता येते सांजीले. रात्री वावरात लाइन देतेत, मानसानं झोपूच नये म्हनून, आन दिवसा घरात हे असं. तुह्या पाहुन्याईचा टाइम पाहून थोडीच देतीन.

गोपाल : मंग आता?

जमुना : आता पोहे.

अकीला : कढईत होईन ना. जाड कढई घ्या, तळाले मीठ टाका, वरून झाकन. माह्या ननदनं केलता असा केक. जळालता, पन झालता.

गोपाल : मीठ किती टाकू?

अकीला : मले काय माईत. तळ झाकते तेवढं टाक.

जमुना : माह्या लग्नातली कढई हाय थे. मिठानं खराब झाली तं याद राख. दे इकडे. मांग सर, हात भाजून घेशीन. गॅस बारीक ठेवाचा का मोठा?

गोपाल : बारीक. आता झाकन उघडू नोको घडी घडी.

जमुना : माह्याच घरात मले शिकवून राहिला. जा, आंग धू. थो आकाशी शर्ट घाल, इस्तरी करून ठेवला म्या. आन ऐक. त्याईच्यासमोर जास्त बोलू नोको. वावराचं काहीच काढू नोको. फळ किती गळलं, व्यापारी फिरकला नाई, कोन बाग तोडून राहिला, एक शब्द नाई.

गोपाल : मंग काय बोलू? माह्यापाशी बोलाले दुसरं हायच काय?

जमुना : विचारतीन तेवढंच सांग.

अकीला : आन कंपनीचं नाव पाठ करून ठेव बेटा. ऐन वक्ताले अडकला तं पंचाईत होईन.

गोपाल : कोनती कंपनी?

अकीला : भाबी, तुमी सांगतलं नाई याले?

जमुना : सांगनारच होती.

गोपाल : माय, कोनती कंपनी?

जमुना : देवमनदादानं सांगतलं त्याईले. पोरगा एमआयडीसीत सुपरवायझर हाय, शेती बाप पाहते. एवढंच. जास्त काही नाई सांगतलं.

गोपाल : आन तू हो म्हनली.

जमुना : हाव, म्हनली. काहून नाई म्हनू? बडनेऱ्याचे आले, घर पाहून खुश होते, बागेत नेलं तं पोरीच्या बापाचा चेहराच उतरला. परतवाड्याचे म्हनले, वावर विका, अमरावतीत दुकान टाका, मंग पाहू. कौंडण्यपूरच्या यात्रेत एका पोरीच्या मायनं तं तोंडावर सांगतलं, पोरीले जन्मभर घरी ठेवीन, पन शेतकऱ्याले नाई देनार. रोज पेपरात आपल्या जिल्ह्याचं नाव येते, अमक्या गावात कोनं फाशी घेतली, तमक्या गावात कोनं औषध पेलं. पोरीचा बाप पेपर वाचते गोपाल. तुह्या संगं शाळेत होता थो पार्बताबाईचा पोरगा, दहावीत बसला तं पास नाई झाला, आज शाळेत घंटी वाजवते. त्याले बायको हाय, लेकरं हायेत. आन तू? चांगला शिकला, काही व्यसन नाई, आन त्या झाडाईखाली म्हातारा होऊन राहिला. मले सून नोको का?

गोपाल : लग्न झाल्यावर काय केलं असतं म्या? रोज सकाळी डबा घेऊन बसस्टँडवर जाऊन बसलो असतो?

जमुना : झाल्यावर पाहिलं असतं. एकदा घरात रुळली का पोरगी कुठं परत जात नाई.

अकीला : असं नोका बोलू भाबी. माह्या फलकच्या टायमाले पोराकडचे म्हनले, नागपूरले गॅरेज हाय. गॅरेज दुसऱ्याचं निंघालं, हा तथी नोकर. तिच्या अब्बाले माईत होतं सारं, तरी लगन लावून देल्लं. राहून राहिली पोरगी, नाई असं नाई. पन अब्बासंग बोलत नाई अजून. ईदले येते तं मले सलाम करते आन बापाच्या समोरून निंघून जाते.

जमुना : मंग थे मले आधी काहून नाई सांगतलं?

अकीला : मले वाटलं, गोपालले सारं माईत हाय. थो राजी हाय तं मी कोन बोलनारी.

गोपाल : पन म्या तं आचलले पयल्याच फोनवर सांगतलं होतं. रात्री पानी द्याले जातो म्हनून दिवसा झोपेत असतो, असं म्हनलो तं हासली थे. म्हंजे तिले माईत हाय. तिच्या बापाले नाई.

जमुना : झालं तं मंग. पोरीले चालते, बापाले माईत नाई. आजचा दिवस तोंड बंद ठेव. माह्यासाठी.

गोपाल : फोन कुठं ठेवला म्या?

जमुना : गोपाल, ऐक. त्याईले घरात तं येऊ दे. तुले पाहू दे, बोलू दे. हे तुहं खाऊ दे. मंग सांग काय सांगाचं थे.

गोपाल : खाऊ घालून सांगू? आन तवालोक तिनं बापासमोर कसं बसाचं? सर माय.

(गोपाल फोन घेऊन अंगणात जातो. खिडकीतून त्याच्या एकट्याचंच बोलणं ऐकू येतं.)

गोपाल : हॅलो, आचल? कुठवर आलात? मूर्तिजापूर. बरं. तुमच्या बाबांना देता का फोन? … नाही, काही झालं नाही. द्या ना.

जमुना : भाबी, जा ना. फोन घ्या त्याच्या हातातून.

अकीला : आता घेऊन काय होते भाबी.

गोपाल : नमस्कार काका. गोपाल बोलतोय, वलगावहून. नाही, रस्ता बरोबर आहे. काका, मी कंपनीत नाही. कोणत्याच नाही. शेती करतो, संत्र्याची बाग आहे. … हो, तुम्हाला वेगळं सांगितलं. … मामानं एकट्यानं नाही, आमच्या घरूनच. … मला आत्ता समजलं. … हो. … आलाच आहात इतके, तर चहा घेऊन जा. … बरं. नाही, समजलं काका. बरं.

जमुना : काय म्हने? भाबी, काय म्हने थो?

अकीला : येऊन राहिला आत. तोंड पाहा त्याचं.

गोपाल : गाडी फिरवली त्याईनं.

जमुना : फिरवली?

गोपाल : म्हने, शेती करता म्हनून नाई. खोटं सांगून बोलावलं म्हनून.

जमुना : आन खरं सांगतलं असतं तं आला असता? गाडी करून, अकोल्याहून, संत्र्याची बाग पाहाले? सांग ना.

गोपाल : मले नाई माईत.

जमुना : मले माईत हाय. घराच्या बाहेर नसता पडला. त्याले बहाना पाहिजे होता, तू हातात आनून देल्ला. आता गावभर सांगीन, वलगावचे लोक खोटे हायेत.

गोपाल : खोटे तं होतोच ना.

जमुना : हाव, होतो. मी होती. भांड ना मंग माह्याशी. आदळ काही. असा उभा काहून राहून राहिला?

गोपाल : गॅस पाह्य माय. लागल्याचा वास येऊन राहिला.

अकीला : मी पाहतो, मी पाहतो. अरे बेटा, वरून तडकला रे. कडाही काळ्या पडल्या. आन मधात तं अजून हालते.

गोपाल : हालाले पाहिजे चाची. थंड झाला का बसते, असं म्हनली होती थे.

जमुना : तुहा फोन वाजून राहिला.

गोपाल : तिचाच हाय.

जमुना : इथंच घे. बाहेर नोको जाऊ.

गोपाल : हॅलो. … नाही हो, तुमची काय चूक. मला वाटलं त्यांना माहीत आहे, तुम्हालाही तसंच वाटलं. … समजतं मला. … नाही, भांडू नका त्यांच्याशी. … झाला. म्हणजे झाला असावा. वरून तडा गेला. … हो, संत्र्याचाच. … नाही, अजून नाही खाल्ला. … बरं. ठेवा.

अकीला : फिरून करीन का रे फोन थे?

गोपाल : नाई चाची.

जमुना : रडत होती का?

गोपाल : गाडीत होती ना माय. बाजूले बाप. कशी रडीन?

अकीला : मी निंघतो भाबी. ओव्हन राहू द्या, मंग नेईन.

जमुना : बसा. कुठं जाता. गोपाल, तुह्या बापाले फोन लाव. फाट्यावर उभे हायेत थे, धुतलेला सदरा घालून, गाडीले हात दाखवाले. आन उनात छत्री नेत नाईत कधी.

गोपाल : काय सांगू त्याईले?

जमुना : घरी या म्हन. बाकीचं मी सांगतो.

गोपाल : बाबा, घरी या. … नाई, नाई येत थे. … माय सांगते. या तुमी.

जमुना : सुरी दे इकडे.

गोपाल : आता नोको कापू. सांजीलोक फ्रिजमंधी ठेवा लागते.

जमुना : लाइन हाय का फ्रिजले? गरमच खाऊ. भाबीले पयले दे. बशी नोको, वाटी घे, पातळ हाय थे. मलेही दे.

अकीला : मले तं बरा लागला. खिरीसारखा. तुमाले कसा लागला भाबी?

जमुना : आंबट हाय. गोडही हाय. मधातच सालीचा कडूपना लागते.

गोपाल : बिघडला ना.

जमुना : बिघडला नाई. तिनं खाल्ला असता. थोडा अजून दे.

गोपाल : घे.

जमुना : आन देवमनदादाले फोन लावून दे मले.

गोपाल : आता मामाशी भांडू नोको माय.

जमुना : नाई भांडत. पुढच्या जागी पयलेच सांगजो म्हनतो, पोरगा शेती करते.

गोपाल : मंग कोनीच नाई येनार.

जमुना : तं नाई येतीन. मधातला तुकडा तुह्या बापाले काढून ठेव, जळालेला नोको देऊ. थे आले पाहा.