दार न वाजवता आत गेलेला माणूस

मी, व्हर्ना पिन्सेंट, वय ऐंशी, धंदा पूर्वी मासळीच्या कारखान्यात कॉड साफ करण्याचा, आता घरीच, शिक्षण तिसरी, तीही अर्धी, राहणार लँटर्न कोव्ह, न्यूफाउंडलंड, धक्क्यावरून वर चढलं की हिरव्या दाराचं घर. समक्ष विचारल्यावरून सांगते ते असं.

वरील घरात मी एकटी राहते. आज संध्याकाळी कॉन्स्टेबल थिबो माझ्या घरी आले आणि तुमचा चोरीला गेलेला कॉम्प्युटर सापडला, चोरही सापडला, असं म्हणाले. म्हणून मी त्यांच्याबरोबर इथे ठाण्यात आले. माझं काही चोरीला गेलेलं नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. तक्रार समोरच्या घरातल्या मिसेस व्हिटकम यांची आहे. त्या टोरांटोच्या. उन्हाळ्यापुरत्या येतात, खिडकीत बसून समुद्र बघतात, आणि समुद्र धुक्यात गेला की मला बघतात.

धरून आणलेला माणूस फारिस हद्दाद हा माझ्या ओळखीचा आहे. औषधांच्या दुकानामागच्या खोलीत तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तो मूळचा सीरियाचा, बायकोमुलींसह काही वर्षांपासून इथेच राहतो.

त्याची ओळख कशी झाली असं विचारल्यावरून सांगते की, मागच्या हिवाळ्यात माझा कॉम्प्युटर बिघडला. पडद्यावर एक फोन नंबर आला म्हणून मी तो लावला. पलीकडचा माणूस गोड होता. तीन वाक्यांत चार वेळा मला आई म्हणाला आणि पाचव्यांदा बँकेचा आकडा मागायला लागला. मी त्याला म्हटलं, "माझ्या पोटच्या पोरानंही मला कधी एवढ्या वेळा हाक मारली नाही, ठेव फोन." मग पुतण्याच्या गाडीतून कॉम्प्युटर मोठ्या गावातल्या एका दुकानात नेला. तिथला माणूस म्हणाला, "सगळं पुसून टाकतो, आजी. नव्यासारखा होईल." मी कॉम्प्युटर काखेत मारला आणि परत आले. मला नवा नको होता.

टपाल कार्यालयातल्या थेल्माने फारिसचं नाव सांगितलं. तिचे शब्द असे: "माणूस चांगला आहे गं. हाताला सफाई आहे, जिभेला लगाम आहे. पण दार वाजवतो."

याचा अर्थ काय असं कॉन्स्टेबलने विचारलं. ते इथे नवे आहेत म्हणून सांगते. आमच्या कोव्हमध्ये, या खाडीकाठच्या गावात, दार वाजवत नाहीत. आपला माणूस सरळ आत येतो, बूट काढतो, किटलीत पाणी आहे का बघतो. दार वाजवतो तो परका, नाहीतर वाईट बातमी आणणारा. माझं दार एकदा वाजलं होतं. तेव्हा माझा मुलगा कॅल्विन बोटीवर होता. याबद्दल मला आणखी काही सांगायचं नाही.

फारिस पहिल्यांदा आला तेव्हा त्याने दार वाजवलं. मी खुर्चीची पाठ धरली. मग दार उघडलं तर हा, हातात पिशवी, डोक्यावर बर्फ. मी त्याला बोल बोल बोलले. तो ऐकून घेत बूट काढत होता. मग कॉम्प्युटरपाशी बसला आणि त्याला हात लावायच्या आधी मला विचारलं, "मावशी, यातलं काय हरवलं तर चालणार नाही?" मावशी हे तो त्यांच्या बोलीत म्हणतो. तोवर हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. तिथेच माझा विश्वास बसला. मी काही दाखले मागितले नाहीत.

काय हरवलं तर चालणार नाही, हे कॉन्स्टेबलनेही विचारलं. सांगते. त्यात आमचं बेट आहे. सरकारने बेटावरून उठा म्हटलं तेव्हा आम्ही घरांखाली रिकामी पिंपं बांधली आणि भरतीला घरं पाण्यात सोडली. पुढे बोटी, मागे घरं. माझं आत्ताचं घर तेच. त्या दिवशी धुकं होतं आणि घर आवाज न करता चाललं होतं. चूल पेटलेली होती, मी आत बटाटे सोलत होते, आणि खिडकीतून आमचं चर्च मागे मागे गेलं. पुढे माणसं जिकडेतिकडे पांगली. म्हातारपणी एकेकाने आपापले फोटो मला पाठवले. ते सगळे या कॉम्प्युटरमध्ये आहेत. त्यातल्या एका फोटोत पाण्यावर माझं घर आहे आणि खिडकीत माझं चार वर्षांचं पोर बसलंय. दुसरी प्रत नाही. तो पाठवणाराही आता नाही.

फारिसने तेव्हा कॉम्प्युटर चालू केला. पुढे तो अधूनमधून बघायला यायचा आणि दर वेळी दार वाजवायचा. मी एकदा विचारलं, "अरे, तुझ्या हाताला खाज आहे का?" तो म्हणाला, "मावशी, आमच्याकडे शेवटी शेवटी जे दार न वाजवता आत यायचे, ते चहा प्यायला येत नव्हते."  मी चहा केला. पण जाताना सांगितलंच, "पुन्हा वाजवलंस तर किटली फेकून मारीन."

आज सकाळी कॉम्प्युटर आतून कण्हायला लागला. मी फारिसला फोन केला. तो म्हणाला, "लगेच बंद करा. पुन्हा चालू करू नका. मी घेऊन जातो आणि आधी फोटो दुसरीकडे उतरवतो." मी म्हटलं, "मी माळावर बेरी तोडायला चाललेय. घर उघडं आहे. आत ये आणि ने. दार वाजवू नकोस, उघडायला कोणी नाही." वेळ विचारली. मी घड्याळ बघितलं नाही. ओहोटी लागली होती.

माळावर धुकं आलं. धुक्यात चालायचं नसतं म्हणून मी खडकाला टेकले आणि डोळा लागला. मला दिसलं ते असं की, मी किनाऱ्यावर उभी आहे आणि माझं घर पाण्यावरून जातंय. दिवा लागलेला आहे. आत टेबलाशी फारिस मोजे घालून बसलाय, कॉम्प्युटरची पाठ उघडलेली आहे, आणि त्याच्या शेजारी कॅल्विन मान वाकवून बघतोय. दोघं काहीतरी बोलत होते. हसत होते. कोणीच दार वाजवलेलं नव्हतं.

कॉन्स्टेबल म्हणाले, "बाई, स्वप्न जबाबात लिहीत नाहीत." मी म्हटलं, "मिसेस व्हिटकमच्या जबाबात धुकं लिहिलंय ना? त्यांना धुक्यात चोर दिसला, मला धुक्यात हे दिसलं. लिही, पोरा." त्यांनी लिहिलं.

मी घरी आले तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. टेबलावर फडक्यात गुंडाळलेली रोटी होती, फारिसच्या बायकोच्या हातची, अजून कोमट. फरशीवर चिखल नव्हता. मिसेस व्हिटकम स्वतःच सांगतात की तो बाहेर आला आणि पायरीवर बसून बराच वेळ बुटांच्या नाड्या बांधत होता. चोर नाड्या बांधत बसत नाही. त्या असंही म्हणतात की त्याने दारसुद्धा वाजवलं नाही, यावरूनच त्यांना संशय आला. इतकी वर्षं तो दार वाजवतो म्हणून आम्ही त्याला परका म्हणत होतो. आज पहिल्यांदा आमच्यातल्यासारखा आत गेला तर त्याला धरून आणलं.

नंतर कॉन्स्टेबल चहा घेत असताना म्हणाले, "ओळख पटवायला मशीन चालू करून बघू." मी टेबलावर हात आपटला. चहा सांडला, तो डाग या कागदावर आहे. कॉम्प्युटरला फारिसशिवाय कोणी हात लावू नये असं माझं म्हणणं आहे.

त्यावरून फारिसला आतल्या खोलीतून इथे आणलं. या खोलीचं दार सताड उघडं होतं. तरी तो उंबऱ्यावर थांबला आणि त्याने चौकटीवर बोटांनी टकटक केली.  मी म्हटलं, "ये." मग तो आत आला, कॉम्प्युटर उचलला आणि बाळाला धरतात तसा छातीशी धरला. फोटो वाचतील का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "कोणी चालू केला नसेल तर वाचतील, मावशी." कोणी केला नव्हता.

तरी सांगून ठेवते की, हा माणूस उद्यापासून माझ्या दारात पुन्हा टकटक करत उभा राहिला, तर मी याच ठाण्यात तक्रार देईन, आणि ती त्याच्याविरुद्ध नसेल.

चष्मा घरी राहिल्याने हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. स्वप्नासकट बरोबर आहे. सही करते.