मंदारची गाडी आणि काकूंची साय

आमच्या मंदारला गाडीवरून काही सांगायला जाऊच नये. शिकागोत राहतो, रोज त्याच गाडीने ऑफिसला जातो, आणि तीच गाडी त्या गाढवाने इतकी खाली बसवून घेतली की आत शिरायला लोटांगण घालावं लागतं. वर सस्पेन्शनही सगळ्यात कडक टाकलं. मी म्हटलं, "अरे, इथले खड्डे बघ. जरा मऊ स्प्रिंग घे." तर म्हणतो, "यार, मऊ स्प्रिंग म्हाताऱ्यांसाठी असतात."

मग त्याची आई आली सांगलीहून. काकूंना लोणी काढायचं होतं, पण मंदारच्या घरात घुसळायला रवी कुठली? म्हणून विरजलेल्या सायीचा डबा घेऊन त्या आमच्याकडे निघाल्या. मीही मागच्या सीटवर होतो. डेव्हन ॲव्हेन्यूवर एकेका खड्ड्याला आम्ही तिघंही उडत होतो. काकू डबा छातीशी धरून रामरक्षा म्हणत होत्या, आणि मी त्यांच्या मुलाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

शेवटी मंदारच वरमला. "आई, सॉरी गं. उद्याच हे काढून मऊवालं टाकतो."

घरी पोचताच काकू तडक स्वयंपाकघरात शिरल्या. आमच्या ओट्यावर डबा ठेवून त्यांनी झाकण उघडलं, तर खाली ताक आणि वर लोण्याचा हा एवढा गोळा!

काकूंनी बोटाने चाखून बघितलं. म्हणाल्या, "खबरदार त्या स्प्रिंगला हात लावलास तर! आणि पुढच्या शनिवारी रस्ताही हाच घे."